लिहिले नाही तोवर काम पुरे नाही

ओपन सोर्सच्या जगात एक समज घट्ट रुजला आहे. कोड लिहिणे हे खरे काम आणि डॉक्युमेंटेशन म्हणजे मागाहून, सवड मिळालीच तर उरकायची गोष्ट. या समजाच्या बाजूने दिली जाणारी कारणे वरवर पटतात, म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत. माझा पक्ष आधीच मांडतो: ज्या सुविधेचे डॉक्युमेंटेशन नाही ती सुविधा अर्धवट आहे आणि कोणत्याही प्रकल्पाने ती तशी स्वीकारू नये.

पहिला पूर्वपक्ष असा की, कोड सर्वांसमोर खुला आहे, तोच वाचावा. हातच्या काकणाला आरसा कशाला? पायथनमधली ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी घेऊ. एखाद्या सर्व्हरकडून माहिती मागवताना तिला ‘टाइमआउट’ देता येतो. आपण पाच सेकंद दिले की पाच सेकंदांत सगळे उत्तर येईल, नाहीतर प्रोग्रॅम थांबेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. सलग पाच सेकंद एकही बाइट आला नाही, तरच ती चूक दाखवते. थोडे थोडे पाठवत राहणाऱ्या सर्व्हरपुढे प्रोग्रॅम कितीही वेळ ताटकळेल. आणि टाइमआउट दिलाच नाही तर मर्यादाच नाही. हे कोडमधून शोधायचे तर खालच्या दुसऱ्या लायब्ररीत आणि तिथून सॉकेटपर्यंत उतरावे लागते. डॉक्युमेंटेशनमध्ये ते दोन-चार वाक्यांत सांगितले आहे, शिवाय प्रत्यक्ष वापरातल्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये टाइमआउट द्यावा असा सल्लाही आहे. कोड काय करतो ते कोड सांगेल. त्यातले लेखकाने जाणूनबुजून काय ठरवले, योगायोगाने काय घडले आणि पुढच्या आवृत्तीत कशाची हमी आहे, हे लेखकानेच सांगावे लागते.

दुसरा पूर्वपक्ष: वाचतो कोण? गिटहबने 2017 मध्ये केलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात 93 टक्के लोकांनी अपुरे किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन ही अडचण नोंदवली. ज्याला वाचायचेच नाही तो अशी तक्रार करत नाही. त्याच सर्वेक्षणात प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांनी सांगितले की, डॉक्युमेंटेशनला आपण क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही. म्हणजे उणीव आहे ती लिहिणाऱ्यांची. ज्याला विचारायला जवळ कुणी जाणकार नाही अशा जिल्ह्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला ते पानच गुरू असते. ते कळले नाही तर तो बग नोंदवत नाही, मुकाट्याने निघून जातो. प्रकल्पाला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे: डॉक्युमेंटेशन शिळे होते आणि चुकीची माहिती असण्यापेक्षा ती नसलेली बरी. शिळे होते हे खरे. पण त्यावर लिहिणेच सोडून देणे हा उपाय नव्हे. रस्ट भाषेत फंक्शनच्या वर लिहिलेली उदाहरणे ‘कार्गो टेस्ट’ ही आज्ञा दिली की चाचण्यांबरोबर चालवली जातात. कोड बदलला आणि उदाहरण मोडले, तर चाचणी नापास होते. पायथनमध्येही ‘डॉकटेस्ट’ हेच काम करते. शिळेपण हा कामाच्या पद्धतीतला दोष आहे आणि तो दूर करता येतो.

आता नवा युक्तिवाद ऐकू येतो: चॅटबॉट सगळे समजावतो, मग लिहायचे कशाला? चॅटबॉटचे ज्ञान कुणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरातूनच आले आहे. गेल्या आठवड्यात आलेल्या, कुणीच काही न लिहिलेल्या सुविधेबद्दल तो फार तर कोडवरून किंवा नावावरून तर्क करील. तो तर्क बरोबर की चूक हे ताडून पाहायला पुन्हा अधिकृत पानच लागते.

मग करायचे काय? जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्ककडे पाहावे. अमेरिकेतल्या कॅन्ससमधील लॉरेन्स या शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेला आणि 2005 मध्ये खुला झालेला हा प्रकल्प. तिथे नवी सुविधा आणणाऱ्या पॅचसोबत चाचण्या आणि डॉक्युमेंटेशन दोन्ही लागतात. त्याच वर्तुळातल्या डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली ‘डायटॅक्सिस’ ही रचनाही उपयोगी आहे. शिकणाऱ्याला धडा हवा, काम अडलेल्याला कृती हवी, तपशील शोधणाऱ्याला संदर्भ हवा आणि ‘असे का?’ विचारणाऱ्याला विवेचन हवे. चारही एकाच रीडमीत कोंबले की कुणाचेच समाधान होत नाही.

हे काम नवख्यांच्या गळ्यात मारण्याची रीतही बंद व्हावी. वाचक कुठे अडखळतो हे नवख्याला उत्तम दिसते, पण रचनेमागची कारणे त्याला ठाऊक नसतात. म्हणून सुविधा लिहिणाऱ्याने मसुदा करावा आणि नवख्याने तो पायरीपायरीने करून पाहावा. एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला, की त्याचे उत्तर चॅटमध्ये न देता पानावर घालावे आणि दुवा पाठवावा.

शेवटी पैशाचा प्रश्न. मोझिलाने ऑगस्ट 2020 मध्ये मोठी कर्मचारीकपात केली, तेव्हा जगभरचे वेब डेव्हलपर ज्यावर विसंबतात त्या एमडीएन या डॉक्युमेंटेशनच्या संकेतस्थळाच्या लेखकांवरही कुऱ्हाड कोसळली. पुढे जानेवारी 2021 मध्ये ‘ओपन वेब डॉक्स’ उभे राहिले, त्याला गूगल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी पैसा दिला, तेव्हा पगारी लेखकांची सोय झाली. चांगल्या लेखनाला वेळ लागतो आणि वेळेला मोल असते.

म्हणून मेंटेनर मंडळींना माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढच्या पुल रिक्वेस्टमध्ये सुविधा आहे पण तिचे पान नाही असे दिसले, तर ती परत पाठवा. पान लिहिणाऱ्याचे नाव प्रकाशन-टिपणात कोड लिहिणाऱ्याच्या शेजारी छापा. आणि प्रकल्पाकडे निधी आला, तर त्यातला वाटा लेखकासाठी आधी बाजूला काढा.