बिबट्या, पिंजरा आणि रिकामी जागा



घरात उंदरांचा सुळसुळाट झाला, की माळ्यावरचा पिंजरा खाली येतो. आकड्याला भाकरीचा तुकडा किंवा भजे अडकवले, की रात्री केव्हातरी ‘खट्’ असा आवाज होतो आणि सकाळी एक उंदीर आत सापडतो. मारणे जिवावर येते म्हणून पुष्कळ घरांत तो पिंजरा नाल्यापलीकडे नेऊन उघडतात. काम झाले असे वाटते. पण आठ-पंधरा दिवसांनी खुडबुड पुन्हा सुरू होते. उंदीर गेला खरा, पण त्याला घरात आणणारे धान्याचे पोते, उघडा कचरा आणि भिंतीतले बीळ हे सगळे जागच्या जागीच राहिले, हे आपल्या लक्षात येत नाही.

हाच विचार आज एका मोठ्या पिंजऱ्याबद्दल करू या. शेतशिवारात बिबट्या दिसला, की गावाची पहिली मागणी असते : ‘पिंजरा लावा.’ आपल्या खानदेशातही ही मागणी नवी नाही. रावेर-यावल भागातील केळीचे बाग बाराही महिने दाट, ओले आणि सावलीचे असतात. उत्तरेला सातपुडा आहे, यावल अभयारण्य आहे. लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला गावातली कुत्री एवढे मिळाले, की बिबट्याला आणखी काही लागत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत एका बिबट्याने अनेक माणसांचे प्राण घेतले आणि अखेर डिसेंबर महिन्यात त्याला गोळी घालावी लागली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसे बळी गेली. त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला ‘बिबट्या निसर्गाचा घटक आहे’ असे ऐकवणे हे विज्ञान नव्हे, तो निष्ठुरपणा आहे.

पण म्हणूनच प्रश्न काटेकोरपणे विचारला पाहिजे. पिंजरा लावल्याने पुढचे मूल वाचते का?

प्रथम पिंजरा काम कसे करतो ते पाहा. लोखंडी गजांच्या या पेटीला दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात शेळी किंवा कोंबडी सुरक्षित बांधलेली असते. बिबट्या पुढच्या कप्प्यात शिरला आणि त्याचा पाय तळाच्या फळीवर पडला, की खिटी सुटते व वर अडकवलेले दार आपल्याच वजनाने खाली येते. रचना साधी आणि खात्रीची आहे. परंतु पिंजऱ्याला फक्त वजन कळते, गुन्हेगार कळत नाही. हल्ला करणारा बिबट्या आणि त्या शिवारात वर्षानुवर्षे कोणाच्या वाटेस न जाता राहणारा बिबट्या, यांतला जो आधी भुकेला होऊन आत शिरेल तो सापडतो. गाव निर्धास्त होते, मुले पुन्हा अंधारात अंगणात खेळू लागतात, आणि खरा हल्लेखोर कदाचित बाहेरच असतो.

आता दुसरी गोष्ट. तुमच्यापैकी अनेकांच्या शेतात विहीर असेल. पंप लावून विहीर उपसली की पाण्याची पातळी खाली जाते. पंप बंद केला की आजूबाजूच्या थरांतले पाणी झिरपून आत येते आणि विहीर पुन्हा भरते. आपण पाणी काढले, पण पाण्याला तिथे आणणारा दाब काढला नाही. बिबट्याचे असेच आहे. प्रौढ बिबट्या आपला मुलूख राखतो. झाडांवर, बांधांवर वासाच्या खुणा ठेवून इतरांना दूर ठेवतो. मुलूख न मिळालेले तरुण बिबटे जागेच्या शोधात फिरत असतात. मालकाला पिंजऱ्यात घालून नेले, की ही जागा त्यांच्यासाठी मोकळी होते. विहिरीतले पाणी आणि जिवंत प्राणी यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण हा फरक आपल्या सोयीचा नाही. पाणी झिरपते तेव्हा ते भांडत नाही. जागा मोकळी झाली, की नवखे बिबटे एकमेकांशी झगडतात, आणि त्यांना गावाच्या वाटा व वेळा माहीत नसतात.

हे केवळ बिबट्यापुरते नाही. इंग्लंडमध्ये मॅगपाय नावाचा एक काळा-पांढरा पक्षी आहे, आपल्या टकाचोराच्या कुळातला. तो इतर पक्ष्यांची अंडी-पिल्ले खातो म्हणून तिकडे शेतांवर त्याला पिंजऱ्यात धरतात. या पिंजऱ्याच्या एका कप्प्यात एक जिवंत मॅगपाय ठेवलेला असतो. ‘आपल्या हद्दीत हा परका कोण?’ म्हणून त्या जागेची मालक जोडी त्याच्यावर धावून येते आणि शेजारच्या कप्प्यात अडकते. म्हणजे पिंजरा नेमका हद्दीचा मालक पकडतो. पण जोडी नसलेल्या, घरटे न बांधणाऱ्या मॅगपायांचे थवे जवळपास असतातच. मोकळ्या हद्दीत त्यांतले दोन येऊन बसतात. त्यामुळे तेथील शेतकऱ्याला दर वसंतात पिंजरा नव्याने मांडावा लागतो.

मॅगपायची जागा दुसऱ्या मॅगपायने घेतली, तर फार तर चार अंडी जातात. बिबट्याच्या बाबतीत माणसाचा जीव जातो. म्हणून आपल्या राज्यात याचा जो अभ्यास झाला आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावा.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात धरणांचे व कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. २९ बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील वनांत सोडण्यात आले. उद्देश चांगला होता : माणूसही वाचावा आणि प्राणीही. परिणाम काय झाला? हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. वाढ शेकडा किती, ते तुम्ही स्वतः काढा. उत्तर ३२५ येईल. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला.

येथे चिकित्सक विद्यार्थी हात वर करील : ‘सर, एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे कसे म्हणता येईल?’ शंका अगदी योग्य आहे. प्रयोगशाळेत आपण एकच राशी बदलतो, बाकीच्या स्थिर ठेवतो. शिवारात तसे करता येत नाही. म्हणून तेथे दुसरीकडून पुरावा शोधावा लागतो, आणि असा एक पुरावा आपल्या दारात आहे. जुन्नरकडे पकडलेले काही बिबटे त्या काळात थेट आपल्या जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात आणून सोडले होते. त्यानंतर तेथील वस्त्यांजवळ माणसांवर हल्ले झाले. पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवत असत. तिच्यातील क्रमांक यंत्राने वाचता येतो. हल्ल्यांनंतर यावलजवळ सापडलेल्या मादीच्या अंगात अशी चिप निघाली आणि ती दुरून आणून सोडलेली असल्याचे कळले. म्हणजे एका जिल्ह्याची अडचण आपण दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवली होती.

असे का होत असावे? पिंजऱ्यात बिबट्या गजांना चावतो, धडका देतो. त्याचे सुळे तुटतात, नखे उखडतात. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा आणि ट्रकचा प्रवास सोसून तो अनोळखी मुलखात उतरतो. तेथे पाणी कोठे, शिकार कोठे, माणसे केव्हा कोठून जातात, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय जेथे सोडला तेथे तो राहीलच असेही नाही. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. हे आजोबा महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडून, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचले! वाटेत त्यांनी कोणाला ओरखडाही काढला नाही, हे खरे. पण आपण नकाशावर आखलेली ‘बिबट्याची जागा’ त्यांना मान्य नव्हती, हेही तितकेच खरे.

मग बिबटे शिवारात खातात तरी काय? अकोले तालुक्यातील शेतीबहुल खोऱ्यात कॅमेरे लावून आणि बिबट्याची विष्ठा तपासून याचा शोध घेतला गेला. तेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात, आणि त्याच भूमीवर दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव व गावठी प्राण्यांचा होता. सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा त्याहून पुष्कळ कमी. कुत्री कशावर जगतात? उघड्यावर टाकलेल्या उष्ट्या-खरकट्यावर, मेलेल्या कोंबड्यांवर, लग्नानंतर गावाबाहेर फेकलेल्या पत्रावळींवर. विहिरीच्या दृष्टांतातला दाब तो हाच.

माझे मत असे आहे : पिंजरा हे अखेरचे साधन असावे, रोजचा उपाय असू नये. जो बिबट्या वारंवार माणसांवर हल्ला करतो हे ठशांवरून, अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून निश्चित झाले आहे, त्याला पकडलेच पाहिजे आणि पुन्हा कोठेही सोडता कामा नये. माणसाच्या जिवापुढे येथे दुसरा विचार नाही. घरात शिरलेला, विहिरीत पडलेला बिबट्याही सोडवावा लागणारच. पण केवळ दिसला म्हणून पिंजरा लावणे, आणि पकडला म्हणून दुसऱ्याच्या गावाजवळ सोडणे, हे थांबले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बिबट्या पकडायला वरिष्ठ वनाधिकाऱ्यांची परवानगी लागते. केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही असाच आहे. पण गावाचा दबाव आला, की खालच्या अधिकाऱ्याला काहीतरी केलेले दाखवावे लागते, आणि पिंजरा ही सर्वांना दिसणारी वस्तू आहे. गोठ्याचे पक्के दार कोणाच्या नजरेत भरत नाही.

काही जण म्हणतील, ‘गोठे आणि कचरा सुधारायला वर्षे लागतील, तोवर आमच्या मुलांनी काय करायचे?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याचे उत्तर असे, की पहिले उपाय आजच्या आज करता येतात. शेळ्या-वासरे रात्री चारी बाजूंनी व वरूनही बंद असलेल्या जागेत बांधावीत. अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटे शौचाला किंवा दुकानात पाठवू नये. पिकाजवळ खाली वाकून बसू नये. वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. शेतात जाताना विजेरी, काठी आणि मोठ्याने बोलणे एवढे हवेच. ऊसतोडीत पिल्ले सापडली, तर ती उचलून गावात आणू नयेत. वनखाते ती त्याच जागी टोपलीत ठेवते आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी मात्र त्या शिवारात बिथरून फिरते.

काही गोष्टी मात्र गावाच्या हातात नाहीत. शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्री आली, तर शेतकऱ्याला आणि सालदाराला अंधारात पाणी द्यायला जावेच लागते. सातपुड्यातून आलेली पावरा-बारेला कुटुंबे केळीच्या बागेतच झोपडी करून राहतात. त्यांच्या झोपडीला दार नसते, मुले जमिनीवर झोपतात. बिबट्याचा धोका सर्वांना सारखा नाही. ज्यांचे घर सर्वांत कच्चे, त्यांना तो सर्वांत अधिक. दिवसा वीज आणि शेतावरच्या मजुराला पक्के छप्पर, या मागण्या बिबट्याच्या प्रश्नाशी संबंध नसलेल्या वाटतात. पण माझ्या मते पिंजऱ्याच्या मागणीपेक्षा त्याच अधिक नेमक्या आहेत.

शिक्षकांना एक विनंती. विज्ञान मंडळातर्फे आपल्या गावाचा एक नकाशा मुलांकडून करून घ्यावा. कचरा कोठे टाकला जातो, कुत्र्यांचे कळप कोठे असतात, रात्री दिवा नसलेला रस्ता कोणता, कोणते गोठे उघडे आहेत, कोणती झोपडी पिकाला लागून आहे, एवढेच त्यावर मांडावे. पाहणी दिवसाउजेडी, गटाने आणि मोठ्या माणसांबरोबर करावी. पाऊलखुणांच्या मागे मात्र कोणी जाऊ नये. नकाशा तयार झाला, की तो ग्रामसभेत ठेवावा. पुढच्या वेळी कोणी ‘पिंजरा लावा’ म्हणाले, तर नकाशावर बोट ठेवून विचारावे : पिंजरा लावू, पण यातली कोणती जागा आधी बंद करायची?