हस्तनिर्मित, पण हात कोणाचे?

अलीकडे पुण्यातील एका प्रदर्शनात काचमण्यांच्या माळा पाहावयास मिळाल्या. प्रत्येक माळेला ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी लावलेली होती. हे मणी कोणी घडविले असे विचारता, ‘उत्तर प्रदेशातील स्वयंरोजगारी कारागिरांनी’, असे उत्तर विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने दिले. आपल्या चळवळीतील काही मित्रांनीही कारागिरीस हातभार म्हणून त्या माळा घेतल्या. त्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ‘स्वयंरोजगार’ या शब्दाचा समाचार घेणे आवश्यक आहे.

हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर आणि वाराणसी ही या व्यवसायाची जुनी केंद्रे. काचेची कांडी ज्वाळेवर मऊ करावयाची, ती तारेवर गुंडाळून फिरवीत मणी घडवावयाचा, त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचे ठिपके उमटवावयाचे आणि मणी हळूहळू निवू द्यावयाचा. घाई झाली की तो तडकतो. तासन्‌तास ज्वाळेवर नजर खिळवून करावयाचे हे काम आहे. फिरोजाबादेत बांगडीची टोके ज्वाळेवर जोडण्याचे कामही असेच घरोघरी चालते आणि त्यात स्त्रियांबरोबर मुलांचेही हात गुंतलेले असतात.

आता अर्थशास्त्राचा साधा प्रश्न विचारू. स्वतंत्र व्यावसायिक कोणास म्हणावे? जो कच्चा माल स्वतः निवडतो, नमुना ठरवितो, भाव सांगतो आणि गिऱ्हाईक शोधतो त्यास. ठेकेदाराची काच, ठेकेदाराचा नमुना आणि ठेकेदाराचाच दर घेऊन जी स्त्री घरात बसून मणी घडविते वा ओवते, तिच्याकडे यांपैकी काय आहे? तिच्याकडे आहे ती केवळ जोखीम. जागा तिची, भाजलेली बोटे तिची, तडकलेल्या मण्यावर वाया गेलेला वेळही तिचाच. कारखानदाराने कारखान्याचा खर्च तिच्या घरात ढकलला आणि या व्यवहारास ‘स्वयंरोजगार’ असे गोंडस नाव दिले. मालक दिसेनासा झाला की किमान वेतन मागावयाचे कोणाकडे?

यावर ‘दर वाढविले तर धंदाच बुडेल’, असा युक्तिवाद हमखास केला जातो. विडीच्या धंद्यातही तेच सांगितले जात असे. तरीही 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीस कामगार मानले आणि ठेकेदारामागे दडलेल्या मुख्य मालकास जबाबदार धरले. 1969 च्या माथाडी कायद्याने तर, ज्यांना कायम मालकच नव्हता अशा हमालांसाठी महाराष्ट्रात मंडळे उभी केली आणि व्यापाऱ्यांकडून लेव्ही वसूल केली. जे हमालास शक्य झाले ते मणी घडविणारीस अशक्य का मानावे? व्हेनिसमध्ये घरोघरी काचमणी ओवणाऱ्या स्त्रियांनी 1904 साली संप केला होता. विखुरलेल्या स्त्रिया संघटित होत नाहीत, ही सबब तेव्हाच खोटी ठरली.

माळांवर बहिष्कार घालावा, असे मी म्हणत नाही. त्याने प्रथम उपाशी राहील ती कारागीरच. मागणी वेगळी हवी. एका मण्यास लागणारा वेळ मोजून किमान वेतनाशी जुळणारा नगाचा दर ठरवावा; निर्यातदार व घाऊक व्यापारी यांच्यावर लेव्ही बसवून माथाडीच्या धर्तीवर मंडळ नेमावे; घरी बसून काम करणाऱ्या प्रत्येकीस कामगार म्हणून ओळखपत्र द्यावे. गृहाधारित कामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. ती मिळविणे हाही आपल्या कार्यक्रमाचा भाग झाला पाहिजे.

आपली कामगार चळवळ गिरणीच्या फाटकाशी वाढली. घराच्या उंबरठ्याशी ती क्वचितच पोहोचली. ही आपलीही चूक आहे आणि ती कबूल केली पाहिजे. तोवर ‘हस्तनिर्मित’ ही चिठ्ठी पाहताना कार्यकर्त्यांनी एवढे तरी विचारावे: या किमतीतील किती पैसे त्या हातांपर्यंत पोहोचले?