गाय गाभडली, हे डॉक्टरांना सांगा

शेतकरी बंधुभगिनींनो, गोठ्यात गाय गाभडली की ती गोष्ट घरातच ठेवायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. दूध कोणी घेणार नाही, गाय विकली जाणार नाही, ही भीती. पुढे काही आठवड्यांनी घरातील कोणाला ताप येतो नि जातो, रात्री घाम फुटतो, कंबर धरते, गुडघा सुजतो. पेडणे, डिचोलीच्या आरोग्य केंद्रात मलेरिया, टायफॉईड तपासून होतो. काही सापडत नाही. मग संधिवात म्हणून तेल चोळणे सुरू होते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो. त्या रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. माणसातील त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टा बेटावर शोधला. गाभडणाऱ्या गायींतील जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांना १८९७ साली सापडला. परंतु दोन्ही जंतू एकाच कुळातले, हे अमेरिकेच्या अॅलिस इव्हान्स यांनी १९१८ साली दाखवून दिले. माणसांचे डॉक्टर माणसाकडे पाहत राहिले, गुरांचे डॉक्टर गुरांकडे. आपल्या घरात आजही तेच चालले आहे.

हा रोग गोव्याला परका नाही. कारण न कळलेल्या तापाचे रुग्ण आणि गुरांशी रोजचा संबंध असलेले लोक यांचे रक्त गोव्यात तपासले गेले, तेव्हा काहींमध्ये या रोगाच्या खुणा आढळल्या. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक सांधेदुखी म्हणजे हा रोग नव्हे, आणि गाय इतर कारणांनीही गाभडते. पण डॉक्टरांच्या मनात शंकाच आली नाही, तर या रोगाची रक्ततपासणी होत नाही. आणि ती शंका येण्यासाठी गोठ्यातील हकीकत त्यांच्या कानी पडली पाहिजे.

गरोदर बाईच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर. या रोगाने तिचा गर्भपात होऊ शकतो, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते. उपचारात दोन औषधे निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. त्यांतील नेहमीचे एक, डॉक्सीसायक्लिन, गरोदरपणात सहसा देत नाहीत. म्हणून निदान वेळेवर आणि औषध डॉक्टरांच्याच हातून हवे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले, तर दुखणे उलटते.

तेव्हा गाभडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नका. गरोदर बाईला तर त्या कामाला लावूच नका. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, जागा धुऊन काढा. दूध उकळूनच प्या. पशुवैद्यांना बोलावून गायीचे रक्त तपासून घ्या. ४ ते ८ महिन्यांच्या पाड्यांना आणि पारड्यांना या रोगाची लस एकदाच टोचावी लागते. केंद्र सरकारचा तो कार्यक्रम २०१९ पासून आहे.

गाभडलेली गाय न सांगता शेजारच्या गावात विकणे, याला आम्ही व्यवहारचातुर्य म्हणणार नाही. त्या गोठ्यातही एखादी सून दिवसांत असेल. पण दोष एकट्या विकणाऱ्याचा नाही. खरे सांगणाऱ्याच्या दारात पाऊल न टाकणारे आपणही त्याला लपवायला शिकवतो. हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला क्वचितच होतो. त्या घराला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही.

आमची डॉक्टरांना व परिचारिकांना विनंती आहे: दिवस गेलेल्या प्रत्येक बाईला आणि कारण न कळणाऱ्या सांधेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला विचारावे, घरी गुरे आहेत काय, त्यांतील एखादी गाभडली काय? आणि त्यांनी विचारले नाही, तर बंधुभगिनींनो, तुम्ही आपण होऊन सांगा.