आधी ऐकून घ्यावे

वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड येथील कित्येक मुली रोज एसटीने महाविद्यालयात जातात. काहीजणी अमरावती-नागपूरला वसतिगृहात राहून शिकतात. सुट्टीत घरी आलेली अशी एखादी नात अबोल झालेली दिसते. झोप लागत नाही, जेवण कमी झाले आहे, डोके किंवा पोट वारंवार दुखते. ‘परत जावेसे वाटत नाही,’ एवढेच ती म्हणते. आपण अभ्यासाचा ताण समजतो. बहुधा ते खरेही असते. परंतु कधीकधी त्यामागे एखाद्या शिक्षकाचे, मार्गदर्शकाचे वा सहाध्यायाचे गैरवर्तन असते, हे ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

या दुःखाला नाव मिळाले तेच मुळी स्त्रियांनी एकमेकींना सांगितलेल्या अनुभवांतून. १९७५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काही स्त्रिया एकत्र बसून बोलल्या, तेव्हा प्रत्येकीला वाटे तो प्रसंग केवळ आपल्यावर ओढवलेला नाही, हे त्यांना उमगले. ‘लैंगिक छळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग तेथून रूढ होत गेला. पुढे २०१८ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालासाठी विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक क्षेत्रांतील, छळ सोसलेल्या ४० स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या. रीतसर तक्रार हा स्त्रियांचा सर्वांत शेवटचा मार्ग असतो, असे त्या अहवालात दिसते. त्याआधी त्या गोष्ट मनात दाबतात, त्या व्यक्तीला टाळतात किंवा विश्वासाच्या माणसाशी बोलतात.

ते विश्वासाचे माणूस अनेकदा आजी किंवा आजोबा असतात. म्हणून मुलाखत घेणाऱ्या अभ्यासकाची शिस्त आपणही अंगी बाणवावी. अभ्यासक आधी संमती घेतो, एकांताची जागा निवडतो आणि ‘नको वाटेल तेथे थांबा’ असे सांगतो. सांगणारी गप्प झाली तर तो घाई करीत नाही. नाव गुप्त ठेवतो. ‘तू तेथे गेलीसच कशाला?’ असे तो विचारीत नाही, कारण अशा प्रश्नाने बोलणे तेथेच संपते.

आपल्याकडून होणारी आणखी एक चूक म्हणजे तत्काळ ‘कॉलेज बंद’ असा निर्णय देणे. मायेपोटी दिलेला हा निर्णय मुलीला शिक्षेसारखा वाटतो, आणि पुढच्या वेळी ती काहीच सांगत नाही. ‘तुझा दोष नाही. पुढे काय करायचे ते तू सांग, मी सोबत आहे,’ एवढे म्हणावे.

कायद्याचा आधारही ठाऊक असावा. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ चा कायदा आला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी विद्यार्थिनींनाही हे संरक्षण स्पष्टपणे दिले. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते आणि निम्म्याहून कमी स्त्रिया तिच्यात चालत नाहीत. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी. सबळ कारण असल्यास मुदत आणखी ३ महिने वाढू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. मुलगी शारीरिक वा मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल, तर नातेवाईकही तक्रार देऊ शकतात. म्हणून घटनेची तारीख, स्थळ आणि आलेले संदेश जपून ठेवण्यास तिला सुचवावे. तक्रार करावी की नाही, हे मात्र तिनेच ठरवावे.

असे ऐकल्यावर ऐकणाऱ्याचाही रक्तदाब वाढतो, रात्र जागून जाते. गुप्तता राखूनही स्वतःचे मन हलके करता येते. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर नातीप्रमाणे आजी-आजोबांनीही बोलावे. तातडीच्या मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे.

येत्या सुट्टीत नात घरी आली की गुण किती मिळाले, हे नंतर विचारावे. संध्याकाळी ओट्यावर तिच्याजवळ थोडा वेळ नुसते बसावे.