दुबई तीन तासांवर, पण माल?

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. विमानाला साधारण तीन तास लागतात. मुंबईहून कोलकात्याला जायलाही अडीच-पावणेतीन तास लागतात. तेव्हा दुबईचा बाजार आता कोलकात्याइतकाच जवळ आला, असे आपले तरुण व्यापारी वारंवार बोलून दाखवतात. हा हिशेब प्रवाशाचा आहे. व्यापाऱ्याने मालाचा हिशेब धरला पाहिजे.

प्रथम तिकिटावरील वेळ नीट वाचावी. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी दहाला मुंबईहून निघालेले विमान तिथल्या पावणेबाराला उतरते, तर रात्री दहाला दुबईहून निघालेले इथल्या अडीचच्या सुमारास पोहोचते. कागदावर जाताना पावणेदोन तास दिसतात आणि येताना साडेचार! वास्तविक दोन्ही प्रवास तीन तासांच्या आसपासचेच. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे जाताना थोडा वेळ जास्त लागतो, एवढाच काय तो फरक.

मालेगावच्या व्यापाऱ्याला तर मुंबईच सुमारे २८० किलोमीटर. तो रस्ता, विमानतळावर तीन तास आधी हजर राहणे, उतरल्यावरची तपासणी, हे सारे मिळवले तर फजरनंतर घर सोडलेला माणूस देराच्या बाजारात मगरिबच्या आसपास पोहोचतो. या सगळ्यात विमानाचे तास थोडेच.

आणि माल? तो न्हावा-शेवाहून जहाजाने जेबेल अलीला जातो. समुद्रावरचे दिवस साधारण तीन-चार असले, तरी कोरे कापड प्रोसेसला पाठवणे, पॅकिंग, कस्टम, जहाजात जागा मिळणे आणि तिकडे माल सोडवणे यात आठवडे जातात. विमानाने माल पाठवावा, तर स्वस्त कापडाचा नफा भाड्यातच संपतो. त्यातच ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून माल रवाना केला, तर रमजान संपल्यावर गाठी गोदामात पडून राहतात.

खरे अंतर तर पैशाचे आहे. नमुने घेऊन गेलेला तरुण तिसऱ्या दिवशी तोंडी ऑर्डर घेऊन परततो, इकडे कारागिरांना काम देतो आणि नव्वद दिवसांच्या उधारीवर माल सोडतो. ती उधारी लांबली की झळ लूमवर बसणाऱ्या मजुराच्या घराला लागते. सूरह बकरामध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा स्पष्ट आदेश आहे. आपण तो वाचतो, पण ओळखीच्या माणसासमोर लिहायला संकोचतो!

१ मे २०२२ पासून भारत आणि संयुक्त अरब अमिरातीमधला व्यापार करार लागू झाला आहे. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन जोडले, तर आपल्या कापडावर तिथे लागणारी पाच टक्के जकात वाचते. पण हा फायदा कागद वेळेवर तयार ठेवणाऱ्यालाच मिळतो.

दुबईला अवश्य जावे. मात्र डिलिव्हरीची तारीख जहाजाच्या चालीने ठरवावी, दर लेखी घ्यावा, आगाऊ रक्कम किंवा एलसी मागावी आणि मगच लूम सुरू करावा. विमान माणसाला तीन तासांत नेते. पैसा घरी यायला किती दिवस लागतील, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.