घडीचा चाकू निवडताना
खिशातला चाकू घेताना दृष्टी प्रथम मुठीवर जाते; जावयास हवी ती पात्यावर. फ्रान्सच्या सावुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली घडविलेला चाकू आजही बीच लाकडाच्या साध्या मुठीत मिळतो. १९५५ पासून त्याच्या मानेवर फिरते पोलादी कडे आले. ते वळविले की उघडे पाते बोटांवर मिटत नाही. शाळकरी मुलाच्या हाती द्यावयाचा तर मी एवढ्याच कारणाने तोच घेईन. लायोल अधिक देखणा खरा. परंतु त्याचे पाते बहुधा केवळ कमानीच्या दाबाने थोपते, आणि वरील मधमाशी ही काही अस्सलपणाची खूण नव्हे.

पोलादाचा विचार मात्र सावकाश करावा. कार्बनी पाते दगडावर चटकन धार घेते, तसेच आपल्या खाऱ्या हवेत चटकन गंजतेही. ज्या घरी उसाचा कोयता पुसून, तेल लावून ठेवीत, त्या घराने ते खुशाल घ्यावे; इतरांनी न गंजणारे. दमट दिवसांत लाकूड फुगून पाते आत अडकते. तेव्हा नखाने ओढू नये. सावुआकरांप्रमाणे मुठीचे टोक मेजावर हलकेच आपटावे, पाते डोके वर काढते.