उंबरठ्याबाहेरचा दूरध्वनी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहून परतलेल्या मंडळींच्या तोंडून पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्याचे वर्णन हल्ली वारंवार ऐकू येते. आणि त्यात करड्या रंगाची घोडागाडी, मिशी काढून केवळ दाढी राखणारे विवाहित पुरुष, डोक्याला पांढरी टोपी बांधणाऱ्या स्त्रिया आणि विजेच्या तारेवाचून उभी असलेली घरे एवढे सांगून झाले, की ‘अजून जुन्या काळातच राहतात हो ती माणसे’ या उद्गाराने विषय बहुधा संपतो. हा उद्गार मला नेहमी अन्यायाचा वाटत आला आहे. आमिश या ख्रिस्ती पंथाचे हे लोक आपल्याच काळात आणि आपल्याइतक्याच व्यवहारी बुद्धीने राहतात. मात्र नवी वस्तू दाराशी आली असता तिला आत घ्यावयाचे की नाही, याचा विचार ते ती घरात येण्यापूर्वी करतात, आणि तोही एकेकट्याने न करता सर्वांनी मिळून करतात.

दूरध्वनीचीच गोष्ट पाहावी. विसाव्या शतकाच्या आरंभी लँकेस्टरमधील काही आमिश घरांत हे यंत्र आले होते. त्या काळी एकाच तारेवर अनेक घरे जोडलेली असल्यामुळे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडे आणि चहाड्यांना आयतीच वाट मिळे. परंतु त्याहून गंभीर बाब ही, की ज्या शेजाऱ्याकडे पायी जाऊन, त्याच्या घरच्यांची विचारपूस करून मग कामाचे बोलावयाचे, त्याच्याशी घरबसल्या दोन वाक्यांत व्यवहार उरकू लागला. 1910 च्या सुमारास घरातील दूरध्वनीला मनाई झाली, आणि ती न पटल्याने काही कुटुंबे वेगळीही झाली. तथापि मामला तेथे मिटला नाही. अपरात्री डॉक्टरला बोलावणे, आगीची वर्दी देणे, अशा निकडीच्या कारणांसाठी पुढे काही कुटुंबांनी सामाईक दूरध्वनीची मुभा मागितली व ती मिळाली. आज शेताच्या वाटेच्या टोकाशी किंवा कोठाराच्या आडोशाला एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी लाकडी खोपटी दिसते, तिचा उगम हा. हिवाळ्यात तेथवर बर्फ तुडवीत जावे लागते, आत ऊब नसते, म्हणून संभाषण आपोआप आटोपते; आणि जेवणावर बसलेल्या कुटुंबात घंटा कधीही वाजत नाही. यंत्र त्यांनी नाकारले नाही. त्याची पायरी ठरवून दिली. ट्रॅक्टरही कित्येक ठिकाणी कोठारापाशी मळणीसाठी चालतो, शेतात मात्र घोडेच लागतात, कारण शेतात तो आला की जमिनीची हाव वाढते आणि शेजाऱ्याची गरज सरते.

हे ठरविणारा जो आचारधर्म, त्याला ते ‘ओर्डनुंग’ म्हणतात. तो सहसा कोणत्याही दस्तऐवजात नाही. वहिवाटीने आणि अनुकरणाने तो चालतो. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी, तिला चर्चची इमारत नाही, एक रविवार सोडून एका रविवारी कोणाच्या तरी घरी उपासना, आणि बाकांनी भरलेली गाडी या घरून त्या घरी फिरती. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रभुभोजनाच्या विधीपूर्वी मंडळीची बैठक भरते; तीत या आचाराची उजळणी होऊन प्रत्येक सभासदाला, स्त्रियांनाही, संमती विचारली जाते, आणि मनोमालिन्य उरले असेल तर विधीच तहकूब होतो. 1525 मध्ये झ्युरिकला ज्यांनी प्रौढपणी, स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी ज्यांना पाण्यात बुडविले गेले, जाळले गेले, त्यांचे हे वंशज. 1693 मध्ये याकोब आमानच्या आग्रहाने पंथ वेगळा झाला आणि अठराव्या शतकात त्यांनी पेनसिल्व्हेनियाचा आश्रय घेतला. राजसत्तेवर विसंबावयाचे नाही, एकमेकांवर विसंबावयाचे, हा त्यांचा निश्चय त्या छळातून आलेला आहे.

म्हणूनच ते विमा उतरवीत नाहीत. कोणाचे कोठार जळाले तर आठवड्या-दोन आठवड्यांत शेकडो पुरुष पहाटेपासून जमतात, सांगाडा जमिनीवर जोडून दोरांनी व काठ्यांनी उभा करतात, आणि दिवेलागणीपूर्वी छप्पर चढते. आपल्याकडे शेतीच्या कामात जिला सावड म्हणतात, तीच ही रीत. फरक एवढाच, की आपली सावड मोडत आली आणि त्यांची टिकली. वृद्धांना पोसणे हे मुलांचे कर्तव्य असल्यामुळे सरकारी निवृत्तिवेतनाचा करही त्यांनी नाकारला. 1961 मध्ये त्या थकबाकीपोटी पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याचे तीन घोडे ऐन नांगरणीत जप्त होऊन लिलावात विकले गेले, आणि अखेर 1965 मध्ये कायद्यानेच त्यांना सूट दिली. याच हातांनी 1990 मध्ये स्ट्रासबर्गजवळच्या शेतात आनुवंशिक विकारांनी पीडित मुलांसाठी एक दवाखाना उभारला. आपसांतच विवाह होत असल्याने हे विकार त्यांच्यात अधिक आढळतात; त्यावर अद्ययावत शास्त्राचे साहाय्य घेण्यास त्यांनी हरकत घेतली नाही.

या सर्वाविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत सांगितल्याविना पुढे जाणे योग्य होणार नाही. मुलांचे शिक्षण आठवीला थांबते. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या खटल्यात आईबापांचा हा अधिकार मान्य केला; परंतु न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या अंशतः भिन्न मतात विचारले, की ज्या मुलाचे आयुष्य पणाला लागले आहे त्याचे म्हणणे कोणी ऐकले काय. माझे मन डग्लस यांच्या बाजूस आहे. बाप्तिस्मा घेऊन मग आचार मोडणाऱ्याशी पंगत आणि व्यवहार तोडला जातो, हाही भाग तितकाच कठोर आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांची ससेहोलपट पाहून 2016 मध्ये ज्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, त्या महाराष्ट्राने तरी या प्रथेवर पांघरूण घालू नये. बाप्तिस्म्याचा हा करार जन्माने लादलेला नसून प्रौढपणी स्वीकारलेला असतो, हे खरे. परंतु ज्याचे सगळे गणगोत, भाषा आणि पोटापाण्याचा उद्योग त्याच वर्तुळात आहे, त्याच्या स्वीकाराला निर्वेध म्हणावे कसे? तरीही बहुसंख्य तरुण तो करार स्वीकारतात आणि आज आमिशांची संख्या चार लाखांच्या घरात गेली आहे.

त्या खोपटीपुढे सध्या नवा पेच आहे. वस्ती सुमारे वीस वर्षांत दुप्पट होते, जमिनीचे भाव चढलेले, म्हणून पुष्कळ कुटुंबे शेती सोडून सुतारकाम आणि घरबांधणीकडे वळली. गिऱ्हाईक बाहेरचे, त्याला उत्तर तातडीने हवे, आणि खिशातल्या मोबाइलला ना तार लागते ना खोपटी. बर्फातली ती चाल, जिच्यामुळे बोलणे आवरते राहत होते, त्याने पुसूनच टाकली. कोठे त्याला धंद्यापुरती मुभा आहे, कोठे सक्त मनाई, कोठे अजून निर्णय नाही. वसंतातल्या बैठकीत प्रश्न पुन्हा निघेल. एका बाजूच्या बाकांवर पुरुष आणि दुसऱ्या बाजूच्या बाकांवर स्त्रिया बसतील, आणि एकेकाला क्रमाने विचारले जाईल.